विश्लेषण : विकत घेतलेली कबरीची जागा स्टीव्हन्स यांनी परत का केली? अमेरिकेतील दफनभूमींमधला वर्णभेद काय होता?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर या शहराने १८६८ च्या उन्हाळ्यात, अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतराने, आपले दोन सर्वांत प्रसिद्ध रहिवासी गमावले. १ जूनला माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांचे निधन झाले आणि ११ ऑगस्टला खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांचे. गुलामगिरीच्या प्रश्नावर हे दोघे आयुष्यभर दोन टोकांना उभे होते. मृत्यूनंतरही ते एका जागी आले नाहीत. ब्यूकॅनन यांचे दफन वुडवर्ड हिल या प्रशस्त आणि प्रतिष्ठित दफनभूमीत झाले. स्टीव्हन्स यांची कबर मात्र शहरातल्याच एका लहानशा दफनभूमीत आहे.

यात पैशांची अडचण नव्हती. स्टीव्हन्स यांनी शहरातील मोठ्या दफनभूमींमध्ये स्वतःसाठी जागा विकत घेतली होती. खरेदीखत हातात आल्यावर त्यांनी नियम वाचले. तिथे कृष्णवर्णीयांच्या दफनाला मनाई होती. त्यांनी खरेदीखत परत केले आणि वर्णाची अट नसलेली दफनभूमी शोधून काढली. हे स्टीव्हन्स कोण होते, दफनभूमीतला वर्णभेद नेमका कसा चालत असे आणि त्यांनी ज्या कायद्यांसाठी झुंज दिली त्यांचा या दफनभूमींवर काय परिणाम झाला, याचा हा आढावा.

थॅडियस स्टीव्हन्स कोण होते?

थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. चार भावांमध्ये ते दुसरे. जन्मतःच त्यांचे एक पाऊल आत वळलेले होते. थोरल्या भावाची तर दोन्ही पावले तशीच होती. त्या काळी अशा व्यंगाकडे देवाचा कोप म्हणून पाहिले जाई. वडील शेती आणि चांभारकाम करत, पण संसार अर्ध्यावर टाकून ते निघून गेले. चार मुलांचा भार आई सारा यांच्यावर पडला. मुलांनी शिकावे म्हणून त्या शेजारच्या पीचम गावी राहायला गेल्या, कारण तिथे चांगली शाळा होती. लंगडणारा मुलगा शेतात फारसा उपयोगी पडणार नाही, तेव्हा त्याच्या डोक्याला तरी काम मिळावे, हा त्यांचा हिशेब होता. आईचे हे ऋण स्टीव्हन्स कधी विसरले नाहीत.

१८१४ मध्ये डार्टमथ कॉलेजमधून पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात आले. यॉर्क येथे शाळेत शिकवता शिकवता त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ मध्ये गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. पुढे यादवी युद्धातल्या लढाईमुळे जगभर पोहोचलेले हे गाव तेव्हा अगदी लहान होते. गुलामगिरी असलेल्या मेरीलँड राज्याची सीमा तिथून काही मैलांवर होती. त्यामुळे पळून आलेले गुलाम, त्यांच्या मागावर आलेले मालक आणि त्यांचे खटले हे तिथल्या वकिलांच्या रोजच्या कामाचा भाग होते.

गुलाम मालकाचे वकील ते गुलामगिरीचे विरोधक, हा बदल कसा झाला?

स्टीव्हन्स सुरुवातीपासून गुलामगिरीविरोधी योद्धा होते, असे नाही. १८२१ मध्ये त्यांनी एका गुलाम मालकाच्या बाजूने खटला लढवला होता. चॅरिटी बटलर या कृष्णवर्णीय महिलेचा दावा असा होता की, मालकाने तिला सहा महिन्यांहून अधिक काळ पेनसिल्व्हेनियात ठेवले, त्यामुळे राज्याच्या कायद्यानुसार ती आणि तिची मुले स्वतंत्र झाली आहेत. स्टीव्हन्स यांनी युक्तिवाद केला की तिचा मुक्काम सलग सहा महिन्यांचा नव्हता, तुकड्या-तुकड्यांत होता. न्यायालयाने तो मान्य केला. स्टीव्हन्स खटला जिंकले आणि चॅरिटी व तिची मुले पुन्हा गुलामगिरीत गेली.

कायद्यातल्या एका शब्दाच्या अर्थावर एका कुटुंबाचे आयुष्य ठरले आणि तो अर्थ लावणारे वकील स्टीव्हन्सच होते. या खटल्याबद्दल त्यांनी पुढे फारसे लिहून ठेवले नाही. मात्र त्यानंतरची त्यांची वाटचाल पूर्णपणे उलट दिशेने झाली. त्यांनी पळून आलेल्या गुलामांची बाजू घ्यायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तीच बाजू लढवली.

१८३३ मध्ये ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून आले. राज्यात सर्वांसाठी सरकारी खर्चाने शाळा चालवण्याचा कायदा १८३४ मध्ये झाला होता, पण करवाढीच्या भीतीने तो रद्द करण्याची तयारी पुढच्याच वर्षी सुरू झाली. राज्याच्या सिनेटने रद्द करण्याच्या बाजूने मतदानही केले होते. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स यांनी केलेल्या भाषणाने खालच्या सभागृहाचे मत फिरले आणि कायदा वाचला. पेनसिल्व्हेनियातील सरकारी शाळांच्या इतिहासात हे भाषण आजही मैलाचा दगड मानले जाते.

याच दशकात राज्याची नवी घटना तयार झाली. तिच्यात मतदानाचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवण्यात आला. घटना समितीचे सदस्य असूनही स्टीव्हन्स यांनी त्या दस्तऐवजावर सही केली नाही. कागदावरचा नियम मान्य नसेल तर सही करायची नाही, ही त्यांची पद्धत तेव्हापासून दिसते.

लँकेस्टरमध्ये त्यांनी काय केले?

लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात स्टीव्हन्स कर्जबाजारी झाले. कर्ज फेडण्यासाठी मोठ्या गावातली वकिली गरजेची होती. म्हणून १८४२ मध्ये ते लँकेस्टरला आले. तिथे त्यांचा जम बसला, कर्ज फिटत गेले आणि १८४८ मध्ये ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले.

लँकेस्टरच्या घराचा कारभार लिडिया हॅमिल्टन स्मिथ या सांभाळत. त्या मिश्रवर्णीय होत्या, दोन मुलांच्या आई होत्या आणि पुढे विधवा झाल्या. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टीव्हन्स यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे २० वर्षे, त्या त्यांच्या घरात होत्या. स्टीव्हन्स अविवाहित होते. त्यामुळे या दोघांच्या नात्याविषयी विरोधकांनी खूप कंड्या पिकवल्या. पुरावा कशाचाच नाही. एवढे मात्र नोंदींवरून कळते की, लिडिया स्वतः व्यवहारात हुशार होत्या, त्यांनी स्वतःच्या नावावर मालमत्ता घेतली होती आणि स्टीव्हन्स यांच्या घरात त्यांना मान होता.

१८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. स्टीव्हन्स यांनी त्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी लँकेस्टर जिल्ह्यातील क्रिस्टियाना येथे गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा एक मालक चकमकीत ठार झाला. तीसहून अधिक जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. बचाव पक्षाच्या वकिलांमध्ये स्टीव्हन्स होते. पहिला आरोपी निर्दोष सुटला आणि बाकीचे खटलेही कोसळले.

ते केवळ न्यायालयातच मदत करत होते असे नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लँकेस्टरमधील घराच्या आवारात पुरातत्त्व अभ्यासकांनी खोदकाम केले. तिथे पाणी साठवण्याची विटांची जुनी टाकी सापडली. तिच्या भिंतीत शेजारच्या इमारतीच्या बाजूने माणूस आत येऊ शकेल असा मार्ग काढलेला होता. पळून आलेल्या गुलामांना लपवण्यासाठी ही टाकी वापरली जात असावी, असे अभ्यासकांचे मत आहे.

यादवी युद्धात आणि त्यानंतर त्यांची भूमिका काय होती?

यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले तेव्हा स्टीव्हन्स ६९ वर्षांचे होते. प्रतिनिधीगृहाच्या अर्थविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. सैन्याचा पगार, कर, कर्ज, कागदी चलन अशा सगळ्या गोष्टी त्यांच्या टेबलावरून जात. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा निर्णय लवकर घ्यावा आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे, यासाठी ते सतत दबाव टाकत राहिले. युद्धाची झळ त्यांनाही बसली. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेच्या फौजेने त्यांचा कॅलिडोनिया येथील लोखंडाचा कारखाना जाळून टाकला.

३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात मंजूर झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०१२ मधील ‘लिंकन’ या चित्रपटाचा गाभा हाच प्रसंग आहे. त्यात टॉमी ली जोन्स यांनी रंगवलेले, टोप घातलेले, तिखट जिभेचे खासदार म्हणजे हेच स्टीव्हन्स. आजारपणात केस गेल्यामुळे ते खरोखरच टोप वापरत.

लिंकन यांच्या हत्येनंतर अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी दक्षिणेतील जुन्या सत्ताधाऱ्यांना मोकळीक द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून स्टीव्हन्स विरुद्ध जॉन्सन असा उघड संघर्ष पेटला. स्टीव्हन्स यांच्या मते गुलामाला नुसते मुक्त करून भागणार नव्हते. दक्षिणेतील बड्या जमीनदारांची जमीन जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही पेलला नाही.

पण दोन गोष्टी झाल्या आणि या लेखाच्या विषयासाठी त्या महत्त्वाच्या आहेत. एप्रिल १८६६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून संसदेने नागरी हक्क कायदा मंजूर केला. मालमत्ता विकत घेण्याचा आणि करार करण्याचा हक्क गोऱ्या नागरिकांना जसा आहे तसाच इतरांनाही राहील, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी जूनमध्ये चौदावी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. कोणतेही राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकणार नाही, हे तिचे मुख्य कलम. स्टीव्हन्स हे मसुदा तयार करणाऱ्या संयुक्त समितीचे प्रमुख सदस्य होते. कृष्णवर्णीयांना मताधिकाराची हमी या दुरुस्तीत नव्हती, म्हणून ते निराश होते. तरीही मिळते ते पदरात पाडून घ्यावे, या विचाराने त्यांनी तिला पाठिंबा दिला.

१८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालवण्यात आला तेव्हा स्टीव्हन्स इतके आजारी होते की त्यांना खुर्चीत बसवून, उचलून सभागृहात आणावे लागे. मे महिन्यात सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ असे मतदान झाले. आवश्यक बहुमताला एक मत कमी पडले आणि जॉन्सन वाचले. तीन महिन्यांत स्टीव्हन्स यांनी वॉशिंग्टनमध्ये अखेरचा श्वास घेतला. ते ७६ वर्षांचे होते.

दफनभूमीत वर्णभेद नेमका कसा चालत असे?

अमेरिकेत सुरुवातीच्या काळात दफन बहुतेक चर्चच्या आवारात होई. तिथेही भेद होताच. न्यूयॉर्कमध्ये ट्रिनिटी चर्चने १६९७ मध्ये आपल्या आवारात कृष्णवर्णीयांच्या दफनाला बंदी घातली. मग त्यांना शहराच्या वेशीबाहेर जागा शोधावी लागली. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खोदताना हीच दफनभूमी सापडली. तिथून ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले आणि एकूण दफनांचा अंदाज १५ हजारांच्या घरात आहे.

१८३० च्या दशकापासून चित्र बदलले. चर्चची आवारे भरली आणि शहराबाहेर बागेसारख्या मोठ्या दफनभूमी उभ्या राहू लागल्या. त्या चालवणाऱ्या संस्था किंवा कंपन्या होत्या. त्यांना सरकारकडून सनद मिळे आणि त्या लोकांना कबरीची जागा विकत. घर घेताना जसे खरेदीखत होते, तसेच इथेही होई. वर्णभेदाची अट याच कागदांत असे. कधी संस्थेच्या सनदेत, कधी नियमावलीत, तर कधी थेट खरेदीखतात. दारावर पाटी लावण्याची गरज नसे. विकत घेणारा गोरा माणूस सही करून मोकळा होई आणि ती अट त्याच्या नजरेसही पडत नसे.

नाकारल्या गेलेल्यांनी स्वतःच्या दफनभूमी उभारल्या. स्टीव्हन्स यांच्या जुन्या गावी, गेटिसबर्गमध्ये, लिंकन यांच्या गाजलेल्या भाषणाने पावन झालेली राष्ट्रीय सैनिकी दफनभूमी होती. तरीही त्या भागातील कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १८६७ मध्ये त्यांच्याच समाजातील संघटनेला वेगळी जमीन विकत घ्यावी लागली. ती आज लिंकन दफनभूमी म्हणून ओळखली जाते. ज्या लढ्यात ते सैनिक उतरले, त्या लढ्याच्या स्मारकाजवळच त्यांच्यासाठी जागा वेगळी होती.

वेगळी जागा म्हणजे कमी पैसा, कमी देखभाल आणि कमी सुरक्षा. १८८२ मध्ये फिलाडेल्फियातील लेबनन या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून मृतदेह चोरून वैद्यकीय शिक्षणासाठी विकले जात असल्याचे एका वृत्तपत्राने उघड केले होते. त्याच शहरात बेथेल चर्चच्या दफनभूमीत सुमारे पाच हजार जणांचे दफन झाले होते. पुढे तिच्यावर मुलांचे मैदान तयार झाले आणि खाली कबरी आहेत हे शहर विसरून गेले.

स्टीव्हन्स यांनी कोणती जागा निवडली?

लँकेस्टरमध्ये चेस्टनट आणि मलबेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक लहान दफनभूमी होती. मार्टिन श्राइनर या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने ती १८३६ मध्ये सुरू केली होती. तिथे वर्णाची अट नव्हती. स्टीव्हन्स यांनी ती निवडली.

कबरीवर काय कोरायचे, हेही त्यांनी स्वतःच ठरवून ठेवले होते. त्याचा आशय असा : आपल्याला एकांताची आवड आहे म्हणून आपण या शांत, आडबाजूच्या जागी नाही. इतर दफनभूमींच्या सनदांत वर्णाची बंधने आढळल्यामुळे आपण ही जागा घेतली. जन्मभर ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला, ते ईश्वरापुढे सर्व माणसे समान असल्याचे तत्त्व आपल्या मृत्यूतूनही दिसावे, हा हेतू आहे.

बहुतेक कबरींवर मृत माणसाचे गुणगान असते. इथे पदांचा, कायद्यांचा उल्लेख नाही. नियम काय होता आणि आपण काय केले, एवढाच खुलासा आहे. चॅरिटी बटलरला एका शब्दाच्या अर्थावर हरवणाऱ्या वकिलाने ४७ वर्षांनंतर स्वतःच्या कबरीसाठी मात्र त्याच बारकाईने कागद वाचले, हे इथे लक्षात येते.

अंत्यसंस्कार कसे झाले?

स्टीव्हन्स यांचे पार्थिव वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या घुमटाखाली अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. हेन्री क्ले आणि अब्राहम लिंकन यांच्यानंतर हा मान मिळालेले ते तिसरे. पार्थिवाभोवती कृष्णवर्णीय सैनिकांचा पहारा होता. लँकेस्टरमधील अंत्यसंस्काराला सुमारे २० हजार लोक आले आणि त्यातील निम्मे कृष्णवर्णीय होते, असे नोंदवले गेले आहे. तिथल्या रिपब्लिकन पक्षाने तर त्यांच्या निधनानंतरही आदरांजली म्हणून उमेदवारीसाठी त्यांचेच नाव पुढे केले.

मृत्युपत्रातही त्यांनी तेच तत्त्व पाळले. लिडिया स्मिथ यांना वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी पाच हजार डॉलर, यातून निवड करण्याची मुभा दिली. पुतण्याने दारू सोडली तर मालमत्ता त्याला, नाहीतर अनाथ मुलांच्या संस्थेला, अशी तरतूद होती. पुतण्या अट पूर्ण न करताच वारला. अनाथ मुलांच्या संस्थेत वर्ण किंवा वंश पाहू नये आणि सर्व मुलांना एकाच टेबलावर जेवू घालावे, अशी स्पष्ट सूचना होती. त्या निधीतून आणि सरकारी मदतीतून १९०५ मध्ये लँकेस्टरमध्ये औद्योगिक शाळा सुरू झाली. आज ती थॅडियस स्टीव्हन्स तंत्रशिक्षण महाविद्यालय म्हणून चालते.

मृत्युपत्रात आणखी एक नोंद आहे. पीचम येथील आईच्या कबरीची देखभाल व्हावी आणि दर वसंतात तिच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब व इतर प्रसन्न फुले लावावीत, यासाठी त्यांनी ५०० डॉलर ठेवले. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या कबरीसाठी अशीच तरतूद नंतर लिडिया यांनी केली. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि लँकेस्टरच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांचे दफन झाले. स्टीव्हन्स यांच्या कबरीच्या देखभालीसाठी त्यांनी मागे पैसे ठेवले होते.

चौदावी घटनादुरुस्ती असूनही हा भेद का टिकला?

दुरुस्तीतील बंधन राज्यांवर आहे. राज्याने भेद करू नये, असे ती सांगते. खासगी संस्था, कंपनी किंवा व्यक्ती भेद करत असेल तर तिला ही दुरुस्ती लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये दिला. दफनभूमी बहुतेक खासगी होत्या. त्यामुळे ज्या दुरुस्तीसाठी स्टीव्हन्स यांनी उरलेली ताकद खर्च केली, ती त्यांनी नाकारलेल्या दफनभूमींच्या फाटकापाशी येऊन थांबली.

सरकारी दफनभूमीही मागे नव्हत्या. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत कृष्णवर्णीय सैनिकांचे दफन वेगळ्या भागात होई. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, त्यानंतर हे बंद झाले.

१९५१ मध्ये आयोवा राज्यातील सू सिटी येथे सार्जंट जॉन राइस यांचे दफन सुरू असताना दफनभूमीच्या व्यवस्थापनाने ते थांबवले. राइस कोरियन युद्धात मारले गेले होते आणि ते मूळ अमेरिकी हो-चंक समाजाचे होते. खरेदीखतात फक्त गोऱ्यांसाठी अशी अट होती. ही बातमी वाचून ट्रुमन यांनी राइस यांचे दफन आर्लिंग्टनमध्ये करवले. त्यांच्या पत्नीने दफनभूमीवर दावा लावला, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही तिच्या पदरात काही पडले नाही.

मग बदल कसा झाला?

बदल झाला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्यामुळे. हा कायदा जवळपास शंभर वर्षे अडगळीत पडला होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराच्या विक्रीसंबंधी एका खटल्यात ठरवले की, मालमत्ता विकत घेण्याचा समान हक्क हा कायदा खासगी विक्रेत्यांवरही बंधनकारक करतो. स्टीव्हन्स यांच्या मृत्यूला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती.

पुढच्याच वर्षी या निकालाची कसोटी दफनभूमीत लागली. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचा २० वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक बिल टेरी १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. घराजवळच्या एल्मवुड दफनभूमीने त्याच्या कुटुंबाला जागा विकण्यास नकार दिला. त्याची आई आणि पत्नी न्यायालयात गेल्या. कबरीची जागा हीसुद्धा मालमत्ता आहे, ती वर्ण पाहून नाकारता येणार नाही, असा निकाल डिसेंबरमध्ये लागला. दुसरीकडे पुरलेला टेरीचा मृतदेह काढून जानेवारी १९७० मध्ये एल्मवुडमध्ये त्याचे दफन झाले. हजारांहून अधिक लोक त्या शवपेटीमागे चालत गेले.

आज काय परिस्थिती आहे?

अट बेकायदा ठरली म्हणून ती कागदांतून आपोआप पुसली जात नाही. जानेवारी २०२१ मध्ये लुइझियाना राज्यातील एका लहान दफनभूमीने कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याच्या कुटुंबाला जागा नाकारली. १९५० च्या दशकात केलेल्या करारात फक्त गोऱ्यांसाठी असे शब्द तसेच राहिले होते. बातमी झाल्यावर व्यवस्थापनाने काही दिवसांतच ते शब्द काढून टाकले. तोवर ते कोणी वाचलेही नव्हते.

दुसरा प्रश्न हरवलेल्या दफनभूमींचा आहे. २०१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे एका सरकारी गृहसंकुलाच्या खाली आणि आसपास झायन ही कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी सापडली. इथे जमीन न खोदता शोध घेणाऱ्या रडारचा उपयोग झाला. हातगाडीसारखे हे यंत्र जमिनीवरून ढकलत नेले जाते. ते खाली रेडिओ लहरी सोडते. आजूबाजूची माती घट्ट आणि थरांची असते, तर एकदा खणून भरलेला खड्डा किंवा शवपेटी लहरी वेगळ्या प्रकारे परतवते. परत आलेल्या लहरींच्या आलेखात ठरावीक अंतरावर सारख्या आकाराच्या खुणा दिसू लागल्या की तिथे कबरींची रांग असल्याचा अंदाज बांधता येतो. मात्र कबर कोणाची, हे रडार सांगू शकत नाही. त्यासाठी जुने नकाशे, मृत्यूच्या नोंदी आणि खरेदीखतेच चाळावी लागतात.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने कृष्णवर्णीयांच्या दफनभूमींच्या जतनासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत अनुदान देण्याची तरतूद मंजूर केली. वर्षाला ३० लाख डॉलरपर्यंतची ही तरतूद आहे. देशभर विखुरलेल्या जागा पाहता ही रक्कम लहानच आहे.

स्टीव्हन्स यांची प्रतिमा कशी बदलत गेली?

मृत्यूनंतर अनेक दशके स्टीव्हन्स यांना सूडाने पेटलेला म्हातारा म्हणून रंगवले गेले. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटातील कपटी खासदाराचे पात्र त्यांच्यावरच बेतलेले होते. दक्षिणेच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासाचा तो काळ होता. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्या कालखंडाची नव्याने मांडणी केली आणि नागरी हक्क चळवळीनंतर इतिहासकारांचे मत बदलत गेले.

मराठी वाचकाला या काळाचा धागा एका ठिकाणी थेट सापडतो. स्टीव्हन्स यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आजही स्मशाने जातीनुसार वेगळी आहेत. त्यामुळे लँकेस्टरमधल्या त्या खरेदीखताची गोष्ट इथल्या वाचकाला फार समजावून सांगावी लागत नाही.

श्राइनर यांची दफनभूमी आजही त्याच कोपऱ्यावर आहे. भोवती शहर वाढले आहे. स्टीव्हन्स यांनी ठरवलेला मजकूर कबरीवर अजून आहे आणि ती जागा त्यांनी का घेतली, हे तिथे येणारा कोणीही वाचू शकतो.